सतरा नंबरचा पट्टा

"एकदा बंद केलेला गॅस तुझी पाठ फिरली की पुन्हा उघडतो होय गं?" सासू रोज सकाळी विचारायची, आणि दोनदाताई रोज सकाळी शेगडीचं बटण दुसऱ्यांदा पिळून बघायची. मग नळ. मग कपाट. मग मागच्या दाराची कडी. सासू म्हणायची, "माझ्या लेकाने बायको करून आणली की इन्स्पेक्टर, देव जाणे." नवरा उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत म्हणायचा, "जाऊ दे गं आई." त्या माणसाचं सगळं आयुष्य या दोन शब्दांवर निघालं होतं. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला, जाऊ दे. घरमालकाने पाणी बंद केलं, जाऊ दे. मॅनेजरने सुट्टी कापली, तरी जाऊ दे!

त्या दिवशी मात्र तिने त्याला तिथेच अडवलं. "अहो, काल मी मॅनेजरला सांगितलंय, सतरा नंबरचा पट्टा बाद आहे. स्टोअरमध्ये कोपऱ्यातल्या खोक्यात टाकलाय. तुम्ही सकाळी सामान काढायला जाल तेव्हा तेवढं खोकं बघा."

"बघतो," म्हणाला, आणि कंपनीची जीप घेऊन गेला; दोघांची नोकरी एकाच ठिकाणची. बघितलं की नाही ते पुढे येईलच.

दोनदाताई हे नाव तिच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हे. ते मचाणावरच्या लोकांनी ठेवलं. डोंगराच्या एका धारेवरून समोरच्या धारेवर जाड पोलादी तार ओढलेली, मधे दरी, दरीत नदी. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आठवडाभर लोळायला आलेले लोक एक दिवस 'साहस' करायला वर यायचे. सकाळी तारेवरून घसरत दरी ओलांडायची, दुपारी धबधब्याखाली डुंबायचं, संध्याकाळी हवा भरलेल्या टायरवर बसून नदीतून खाली यायचं आणि रात्री हॉटेलात सगळ्यांना फोटो दाखवायचे. तारा पाच, मचाणं सहा. पहिल्या मचाणावर, एका म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याभोवती ठोकलेल्या फळ्यांवर, ही उभी. प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा बघायचा, पट्ट्याची कडी तारेवरच्या कप्पीला अडकवायची, ओढून बघायची आणि सोडायचं. तारेवर जाणाऱ्याचा जीव त्या एका पट्ट्यावर आणि एका कडीवर. हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही, पण विसरायला मात्र पुष्कळ शहाणे मिळतात.

ती मुळातली शिवणाची. लग्नाआधी आणि नंतरही नऊ वर्षं पिशव्यांच्या कारखान्यात मशीनवर बसलेली. जाड कापडाला दुहेरी टाका, मग उलटा टाका, मग बोटाने चाचपून बघायचं. तो कारखाना बंद पडला, आणि तारेवाल्यांना कुणीतरी सांगितलं, शिवण ओळखणारी बाई आहे. घेतलं तिला. पहिल्याच वर्षी एका मुलीची कडी तिने ओढून बघितली, घट्ट होती. मुलगी पायऱ्यांवर उभी राहून लाडाने म्हणाली, "ताई, परत एकदा बघा ना, मला भीती वाटते." हिने हसत पुन्हा ओढली, आणि कडी उघडली! ओढणीचा दोरा कडीच्या तोंडात अडकला होता. बाहेरून बंद दिसत होती, बसली नव्हतीच. त्या मुलीला काही कळलंही नाही, ती किंचाळत मजेत गेली. हिने मात्र मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या कड्या पुन्हा ओढून बघितल्या. तेव्हापासून सगळं दोनदा.

दुसरी एक गोष्ट तिला जुन्या लोकांनी शिकवली होती. आपला पट्टा आपण बघायचा नाही. सकाळी अंगावर चढवायचा आणि जोडीदारापुढे उभं राहायचं. आपला डोळा आपल्याला हवं तेच दाखवतो, दुसऱ्याचा डोळा असतो परका. म्हणून प्रत्येक मचाणावर दोन माणसं. हिचा जोडीदार होता लंबू. साडेसहा फुटांचा, दाराखालून जाताना सवयीने वाकणारा. सहा वर्षं तो तिचा पट्टा बघायचा, ती त्याचा. "बंद?" "बंद." आणि मग कामाला लागायचं. या सहा वर्षांत तिने स्वतःच्या पट्ट्याकडे खरोखर कधी पाहिलंच नव्हतं. पाहायचंच नाही, असाच नियम होता.

आठ दिवसांपूर्वी नवीन मॅनेजरने लंबूला खाली नेलं. "एका मचाणावर दोन माणसं कशाला? एक जण फोटो विकेल." हा मॅनेजर मचाणावर चढायचा महिन्यातून एकदा, तोही साहेबलोक आले तर. बाकी सगळा कारभार खालच्या खोलीत, पंख्याखाली, वॉकीटॉकीवरून. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत, हा तर खुर्चीवरून डोंगर हाकत होता. दोनदाताईने विचारलं, "आणि आमचे पट्टे कोण बघणार?" तो म्हणाला, "तुम्ही काय लहान आहात?"

आणि आदल्या संध्याकाळचं ते प्रकरण. शेवटची तुकडी गेल्यावर ती पट्टे मोजत, चाचपत बसली होती. सतरा नंबर हातात आला आणि तिचं बोट थांबलं. पुढची मोठी कडी ज्या घडीत शिवलेली असते, त्या घडीच्या मागे चार टाके गेलेले, पाचवा निम्मा. उन्हाने आणि घामाने दोरा पिठासारखा झालेला. वरून बघाल तर नवाकोरा. तिने खिशातून सुरी काढली. बाद पट्टा तिथल्या तिथे मधोमध कापायचा, म्हणजे कुणी चुकूनही उचलत नाही, हाही जुना नियम. एवढ्यात मॅनेजर दारात. "कापू नका! वरचे साहेब येऊन बाद माल डोळ्यांनी बघणार आहेत. खोक्यात ठेवा." आणि तिने ठेवला. कापला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिला पुढे या गोष्टीचा जितका राग आला तितका मॅनेजरचाही आला नाही, आणि मॅनेजरचा काही कमी आला नव्हता.

सकाळी ती स्टोअरमध्ये पोचली तर खोकं रिकामं.

"सतरा कुठाय?"

"टाकला असेल झाडूवालीने," मॅनेजर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. "तीस पाहुणे आहेत आज. दोन वाजता त्यांची बोट आहे. आज दोनदा-बिनदा काही नको, एकदा ओढायचं आणि सोडायचं." गिऱ्हाइकाला पाहुणे म्हणायचं, हा त्याचाच फतवा. पाहुणे म्हणायचं आणि मेंढरांसारखं हाकायचं.

तिने खुंटीवरचा आपला पट्टा घेतला. सगळ्या कामगारांच्या पट्ट्यांना आज लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टा धुतलेला, कडक. चला, सहा वर्षांनी कुणाला तरी आमचा घाम धुवायची अक्कल आली, असं म्हणत तिने तो कमरेला आवळला आणि दोनशे बारा पायऱ्या चढून मचाणावर गेली. समोर लंबू नव्हता. "बंद?" असं कुणी विचारलं नाही. तिच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण डोक्यात सतरा नंबर घोळत होता.

आता तिचं काम बघा. माणूस गेला की रिकामी कप्पी दोरीने मागे ओढून घ्यायची असते. त्यासाठी मचाणाच्या तोंडाशी, जिथे कठडा नाही, तिथे उभं राहून अख्खं अंग बाहेर झोकायचं. कमरेच्या पट्ट्यापासून एक दोर झाडाला बांधलेला, सगळा भार त्याच्यावर. खाली दीडशे फूट, दगड आणि नदी. दर माणसामागे एकदा बाहेर वाकायचं. ऊन चढलं, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटली, लांब समुद्राचा पत्रा चमकायला लागला. एकोणीस माणसं गेली. म्हणजे एकोणीस वेळा ती दरीवर लोंबली. आणि प्रत्येकाला दोनदाच ओढलं, एकदा नाही. वॉकीटॉकी कोकलत होती, "उशीर होतोय, उशीर होतोय!"

अकराच्या सुमाराला लंबूचा आवाज आला. खाली, फोटोच्या खोलीतून. "ताई, इथल्या कचऱ्याच्या डब्यात एक बिल्ला सापडलाय. सतरा नंबर. कात्रीने कापलेला."

"बिल्लाच? पट्टा नाही?"

"पट्टा नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिल्ला कापून टाकलाय, म्हणजे पट्टा कुणीतरी मुद्दाम वापरायला काढलाय. म्हणजे तो आत्ता, या घटकेला, कुणाच्या तरी कमरेला आहे.

तिने बटण दाबलं. "सगळ्या मचाणांनी ऐका. तार बंद. जो जिथे आहे तिथेच थांबवा. पाहुण्यांना झाडाशी बसवा, पट्टे उतरवा, पुढच्या कडीच्या मागची शिवण बोटाने बघा. चार टाके गेलेला एक पट्टा फिरतोय. तो सापडल्याशिवाय कुणीही तारेला लागायचं नाही."

मॅनेजरचा आवाज कडाडला. "कुणी सांगितलं तार बंद करायला? चालू करा!"

"पट्टा सापडू दे, मग."

"पाहुण्यांच्या अंगावर तो नाहीये! मी सांगतो ना, नाहीये!"

"तुम्हाला काय माहीत?"

त्यावर वॉकीटॉकी गप्प बसली. तिथेच तिला कळायला हवं होतं. पण राग आला की माणसाचे कान ऐकतात कमी आणि जळतात जास्त.

तिच्या मचाणावर अकरा पाहुणे होते. एक नवविवाहित जोडपं होतं, त्यातला नवरदेव सकाळपासून छातीला कॅमेरा बांधून स्वतःचीच बातमी सांगत होता. "मित्रांनो, आता आपण मृत्यूच्या तोंडात!" असं तो तिसऱ्यांदा म्हणत असताना हिने त्याला सांगितलं, पट्टा काढा.

"का? अहो बाई, आमची बोट सुटेल. आम्ही इथे बसून घाम गाळायला आलोय का?"

"मृत्यूच्या तोंडात जायचंय ना तुम्हाला? मग दहा मिनिटं दारात बसा. तो काही पळून जात नाही."

त्याची बायको खुदकन हसली, आणि तो आणखीच भडकला. दुसऱ्या एकाने तक्रारीसाठी तिचं नाव विचारलं. तिसरा म्हणाला, इथे शिस्त म्हणून नाहीच. दोनदाताई कुणाला उत्तर देत बसली नाही. एकेक पट्टा मांडीवर घेऊन, डोळे मिटून, शिवणीवरून बोट फिरवत होती. डोळे मिटून, कारण डोळ्यांना वरचा नवेपणाच दिसतो. एक. दोन. पाच. अकरा. सगळे धड.

दुसऱ्या मचाणावरून निरोप, नाही. तिसऱ्यावरून, नाही. चौथं, पाचवं, सहावं, नाही. खुंट्यांवर उरलेले लंबूने बघितले, तिथेही नाही. तीसच्या तीस पाहुणे, तीसच्या तीस पट्टे, आणि सतरा नंबर कुठेच नाही.

एवढ्यात मॅनेजर धापा टाकत वर आला. दोनशे बारा पायऱ्या, शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा पिकलेल्या मिरचीसारखा. "झालं समाधान?" सगळ्यांसमोर म्हणाला. "सापडला? नाही ना? मी सांगत होतो. पण नाही, बाईंना हौस! माफ करा हं पाहुणे, या आमच्या बाईंना प्रत्येक गोष्ट दोनदा करायचा आजार आहे. घरी भाताला पण दोनदा मीठ घालत असतील."

लोक हसले. नवरदेव सगळ्यात मोठ्याने हसला, कॅमेऱ्यात हसला.

"उद्यापासून येऊ नका," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, पण ऐकू गेलंच सगळ्यांना. "आजची तुकडी सोडा आणि निघा."

काय बोलणार? तोंडघशी पडलेल्या माणसाचं तोंड कुठे चालतं! तिने पट्टे परत द्यायला सुरुवात केली. पट्टा कुठेतरी आहे, एवढंच तिला माहीत होतं, आणि ते कुणाला पटत नव्हतं. ती कप्पी घ्यायला मचाणाच्या तोंडाशी गेली आणि सवयीप्रमाणे बाहेर झुकणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाळ, जरा थांब."

पाहुण्यांत एक साठी उलटलेल्या बाई होत्या. नातवंडांनी हट्टाने आणलेल्या. आतापर्यंत बुंध्याशी बसून टोपीने वारा घेत होत्या, एक शब्द बोलल्या नव्हत्या. "मी एकतीस वर्षं बसची कंडक्टर होते," त्या म्हणाल्या. "अख्ख्या गाडीला तिकीट, तिकीट म्हणून विचारायचे. आणि एके दिवशी सुट्टीवर असताना साध्या कपड्यांत गाडीत बसले नि तपासनिसाने मलाच धरलं, बिनतिकीट! अगं, काढायचं डोक्यातच आलं नाही. मला तिकीट विचारणारं कुणी नव्हतंच ना कधी. म्हणून विचारते. मघापासून तू सगळ्यांचं बघतेस. तुझं कोण बघतं?"

दोनदाताई म्हणणार होती, लंबू. पण लंबू आठ दिवस खाली फोटो विकत होता.

ती मचाणाच्या तोंडापासून दोन पावलं मागे आली. झाडाशी बसली. डोळे मिटले. स्वतःच्या कमरेच्या कडीमागे बोट घातलं. लाल चिकटपट्टीखाली बिल्ल्याच्या जागी कापलेली दशी लागली. मग घडी. एक टाका गेलेला. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा काल निम्मा होता, तोही आता नव्हता. सहावा नखाला लागला आणि सुटला.

"काखेत कळसा," कंडक्टरबाई अगदी हळू म्हणाल्या.

दोनदाताईने डोळे उघडले आणि मॅनेजरकडे पाहिलं. तो दरीकडे बघत होता.

"हा माझ्या खुंटीला कुणी लावायला सांगितला?"

"हे बघा, आपण खाली जाऊन बोलू."

"इथेच बोला. सगळे पाहुणेच आहेत."

"अहो, तो पाहुण्यांसाठी बाद होता! पाहुण्याला आपण रिस्क देऊ शकत नाही. स्टाफला चालतो. तुमचे चांगले पट्टे पाहुण्यांना दिलेत, नवीन माल येईपर्यंत चार दिवस. तुम्ही कुठे तारेवर जाता? तुम्हाला नुसतं उभं तर राहायचं असतं!"

नुसतं उभं! एकोणीस वेळा ती या नुसत्या उभं राहण्यात दरीवर लोंबली होती. आणि या माणसाला सकाळपासून ठाऊक होतं. तार बंद केली तेव्हा ठाऊक होतं, ती अकरा जणांचे पट्टे मांडीवर घेऊन चाचपत होती तेव्हा ठाऊक होतं, आत्ता सगळ्यांसमोर तिच्या भातातलं मीठ काढत होता तेव्हासुद्धा ठाऊक होतं. "पाहुण्यांच्या अंगावर नाहीये," असं तो ठणकावून सांगत होता ना? खरंच सांगत होता मेला! फक्त पुढचं वाक्य गिळत होता. ती बाहेर वाकायला निघाली तेव्हाही त्याने ते गिळलं. थांब म्हणाली ती एक परकी म्हातारी.

तिने पट्टा उतरवला. उठली. बुंध्यापाशी उभी राहून तो त्याच्यापुढे धरला.

"घाला."

"काय?"

"घाला म्हणते. स्टाफला चालतो ना? तुम्ही पण स्टाफच. घाला, दोर मी बांधते, दोनदा ओढून. आणि त्या तोंडाशी जरा बाहेर झुकून दाखवा. नुसतं उभं तर राहायचंय."

मॅनेजरचा हात पुढे आला नाही. उलट एक पाऊल मागे गेला तो, कठड्याला पाठ लागेपर्यंत. नवरदेवाचा कॅमेरा चालूच होता. दोनदाताईने पट्टा तसाच धरून ठेवला. त्याने घालायचं सोडा, हातसुद्धा लावला नाही.

"मग माझ्या अंगावर कसा चालला?" ती ओरडली. आवाज दरीत गेला आणि समोरच्या धारेवरून परत आला. "मी कोण? माझ्या घरी म्हातारी सासू आहे, पोरगी शाळेत आहे, माझं मेलेलं चाललं असतं तुम्हाला? की तेव्हा पण म्हणाला असतात, पाहुण्यांच्या अंगावर नव्हता ना, मग ठीक आहे?"

तिला उत्तर नकोच होतं. तिने सुरी काढली आणि पट्टा मधोमध कापला. जाड पट्टा, सहज कापला जात नाही. दात आवळून करवतीसारखी सुरी चालवावी लागली. काल हेच करायचं होतं. काल!

ती झाडाशी बसली तेव्हापासून कमरेला खोचलेल्या वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच होतं, हे तिला नंतर कळलं. सहाही मचाणांनी सगळं ऐकलं होतं. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण लाल चिकटपट्टीवाले पट्टे भराभर उतरले आणि खालच्या पायऱ्यांपासून शेवटच्या मचाणापर्यंत जो सापडला त्याने दुसऱ्याचा बघितला. चौथ्यावर एकाच्या कडीला आतून तडा निघाला. सहाव्यावर एकाच्या पट्ट्याला चक्क सुतळीने टाका घातलेला. त्या दिवशी पुढे तार चालली नाही. पाहुण्यांना पायवाटेने खाली उतरवलं. दोन वाजताची बोट सुटली, आणि नवल म्हणजे त्याबद्दल कुणी ओरडलं नाही. कंडक्टरबाई उतरताना तिच्या खांद्याला धरून चालल्या, म्हणाल्या, "नोकरी जाईल म्हणणाऱ्या त्या मेल्याला सांग, साक्षीला मी येते. तीस प्रवासी घेऊन येते." मॅनेजर सगळ्यांच्या मागून उतरत होता, एकटाच.

खाली जीपजवळ नवरा उभा होता. लंबूही होता. लंबूने कपाटातला एक धड पट्टा काढून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, पण घातला नाही. कापलेले दोन तुकडे जीपच्या बॉनेटवर ठेवले.

"अहो, सकाळी खुंट्यांना पट्टे कुणी लावले?"

नवऱ्याने तुकड्यांकडे पाहिलं. "मीच. मॅनेजरने दिले ना. लाल पट्टीवाले, म्हणाला स्टाफचे आहेत, लावून टाक."

"माझ्या खुंटीला हा लावलात."

"मला काय माहीत कुठला कुठला?"

"मी सांगितलं होतं, खोकं बघा."

तो खरं बोलला, तेवढा प्रामाणिक आहे. "बघितलं. रिकामं होतं. मॅनेजरला विचारणार होतो. मग म्हटलं, जाऊ..." आणि पुढचं 'दे' म्हणायच्या आधीच तो थांबला. तो जीपच्या पायरीवर बसला. कपाळाला हात लावला नाही, रडला नाही. नुसता आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसला. याच हातांनी खुंटीला लावला होता.

तिला त्याची दया आली नाही. येऊ दिली नाही म्हणा. "उद्या मी येणार आहे," ती लंबूला म्हणाली. "काढलं म्हणाला तरी येणार. आणि तू माझ्याबरोबर वर येणार. एका मचाणावर दोन माणसं, नाहीतर त्या तारेवर कपडे वाळत घाला म्हणावं."

"येतो," लंबू म्हणाला.

मग ती जीपमध्ये बसली. नवरा उठला, स्टिअरिंगवर बसला, किल्ली लावली, आणि फिरवलीच नाही. अकरा वर्षं तो जीप चालवत होता, आणि या अकरा वर्षांत शेजारी बसलेल्याने सीटचा पट्टा लावलाय की नाही याकडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं. आता तो वाकला, तिच्या कमरेवरचा पट्टा ओढून खटक्यात बसवला आणि हिसका देऊन बघितला.

"हात काढा," ती म्हणाली.

त्याने काढला.

ती समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. तशीच, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एकदाच ओढलात. दुसऱ्यांदा काय मॅनेजर येणार आहे ओढायला?"

त्याने पुन्हा ओढला.